कापूस-खरेदी ॲपच्या चाचणीची वही, हंगाम २०२५

८ सप्टेंबर २०२५

आजपासून नवा प्रकल्प. एका शेतकरी उत्पादक कंपनीचं कापूस-खरेदीचं ॲप. शेतकऱ्याची नोंदणी, काट्यावरचं वजन, ओलाव्याची कपात, पावती, खात्यात पैसे, मोबाइलवर एसएमएस. शिवाय कंपनीच्या दुकानातली खतांची नि ठिबकच्या सामानाची बिलं. डेव्हलपर तिघे, तिघेही पुण्यात. टीम लीडही पुण्यात. टेस्टर मी एकटी, यवतमाळच्या दारव्हा तालुक्यात, सासरच्या घराच्या माडीवर.

लीडने विचारलं, "तुला कापसातलं कळतं ना?" मी हो म्हणून टाकलं. खरं म्हणजे मी अमरावतीत वाढले, कापूस पाहिला तो गादीतला. कळतं ते मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना. तेही या प्रकल्पात आहेत, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.

चाचणीसाठी फोन तीन. एक ऑफिसने दिलेला, चकचकीत, त्याच्यावर सगळं चालतं म्हणून निरुपयोगी. दुसरा मामाजींचा, कोपऱ्यातून तडकलेला. तिसरा शेजारच्या काकाजींचा, दोन जीबी रॅमचा, 'शुभ सकाळ'च्या फोटोंनी जागा भरलेला. हा तिसरा सगळ्यांत कामाचा.

१० सप्टेंबर

गरजांचा दस्तऐवज वाचला. तेवीस पानं. वजनाच्या रकान्यापुढं एवढंच लिहिलंय: क्विंटलमध्ये, दशांश चालेल, भरणं सक्तीचं.

ऑफिसने एआयचं साधन दिलंय. खरेदीच्या फॉर्मचं वर्णन दिलं तर दोन मिनिटांत साठ टेस्ट केसेस, म्हणजे काय काय घालून तपासायचं त्याची यादी. रिकामा रकाना, ऋण संख्या, अक्षरं, फार मोठा आकडा, सगळं आलं. चांगल्या होत्या, खोटं कशाला बोलू. २०१७ मध्ये नोकरीला लागले तेव्हा असल्या साठ केसेस लिहायला मला तीन दिवस लागत आणि त्याच तीन दिवसांचा मला पगार मिळे. नव्या पोरापोरींनी आता कुठून शिरायचं, हा विचार दिवसभर डोक्यात राहिला.

१२ सप्टेंबर

मामाजींना प्रकल्पात घेतलं. जेवण झाल्यावर फोन हातात दिला आणि म्हटलं, "समजा तुमचा कापूस चौदा क्विंटल पाच किलो भरला. लिहा."

त्यांनी चष्मा लावला, १४.५ लिहिलं आणि फोन परत दिला.

"मामाजी, हे चौदा क्विंटल पन्नास किलो झालं."

"कायचे पन्नास? चौदा पाच. आमी चौदा पाचच म्हंतो."

मी काहीच बोलले नाही, वही उघडली. भाव ७,००० धरला तर ४५ किलोंचे ३,१५० रुपये. इथं कंपनी बुडते. उलट माणसाने साडेचौदाचे चौदा पाच ऐकले आणि शहाणपणाने १४.०५ लिहिलं तर शेतकरी बुडतो. एआयच्या साठ केसेसमध्ये ही नव्हती, आणि माझ्या यादीतही नव्हती. १४.५ ही संख्या बरोबरच आहे, कुठलंच यंत्र तिला हरकत घेणार नाही. चूक आहे ती माणसाच्या तोंडात आणि रकान्याच्या रचनेत.

डिफेक्ट, म्हणजे दोष, नोंदवला. सिव्हिरिटी (दोष किती घातक): गंभीर.

१५ सप्टेंबर

डेव्हलपरने डिफेक्ट परत पाठवला. शेरा: "वापरणाऱ्याची चूक." सकाळच्या कॉलवर वाद झाला. त्याचं म्हणणं, ट्रेनिंग द्या. माझं म्हणणं, काट्यावर गाड्यांची रांग लागलेली असताना ट्रेनिंग कोणाच्या लक्षात राहतं? मग मी मंगळाची गोष्ट काढली. १९९९ मध्ये नासाचं मंगळाकडे गेलेलं यान वाया गेलं, कारण एका गटाचं सॉफ्टवेअर पौंड-फोर्समध्ये आकडे देत होतं आणि दुसऱ्या गटाचं न्यूटनमध्ये घेत होतं. ते सगळे शिकलेले लोक होते. तिथं एकक चुकतं, मग आपल्या जिनिंगवरच्या (सरकी काढायच्या कारखान्यातल्या) दिवाणजीने काय करावं?

लीड हसली, पण मान्य केलं. आता दोन खाने: क्विंटल वेगळा, किलो वेगळा.

आठ वर्षांत एक कळलंय. दोष सापडणं हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे समोरच्याला तो त्याचा अपमान न वाटता पटवणं. हे कुठल्या कोर्सात शिकवत नाहीत.

१७ सप्टेंबर

दोन खान्यांचं नवं बिल्ड, म्हणजे ॲपची नवी आवृत्ती, आलं. किलोच्या खान्यात ०, १, ९, १०, ९९, १०० घालून पाहिलं. १०० नाकारतं, ठीक. मग क्विंटल १४, किलो ५ घातलं आणि पावती काढली. पावतीवर १४.५!

डेव्हलपरने दोन खाने केले, पण आतमध्ये चौदा, टिंब आणि पाच एकमेकांना नुसते चिकटवले. १४.०५ व्हायला हवं होतं, परत १४.५ झालं. म्हणजे दुरुस्तीने दोष बाहेरून आत नेऊन ठेवला. आधी निदान डोळ्यांना दिसत तरी होता. पुन्हा उघडला. एक ते नऊ किलो, प्रत्येकाची वेगळी केस लिहिली. दहाच्या पुढं कधीच सापडला नसता.

संध्याकाळी दुरुस्त. नऊच्या नऊ पास.

१९ सप्टेंबर

पाऊस. दुपारी अडीचपासून लाइन (वीज) नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर कॉल, तोही तुटत तुटत. काम शून्य.

२२ सप्टेंबर

घटस्थापना, आणि आजपासून जीएसटीचे नवे दर. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळपास गेले. आमच्या दुकानातलं ठिबक-स्प्रिंकलरचं सामान १२ वरून ५ टक्क्यांवर आलं. सासूबाई खाली घट बसवत होत्या, मी वर बिलं फाडत होते.

नवीन बिल ५ टक्क्यांनी निघालं, सगळे खूश. मग मी परवाचं जुनं बिल उघडून पुन्हा छापलं, त्यावरही ५ टक्के. डेव्हलपरने तक्त्यातला दर बदलला होता आणि जुनी बिलं छापताना दर त्याच तक्त्यातून येत होता. शेतकऱ्याने पैसे दिले बाराने, कागद निघतो पाचचा. त्यातून त्याने नळ्या परत केल्या तर परतावा कुठल्या दराने?

केसेस अशा झाल्या: २१ तारखेचं बिल, २२ चं बिल, २१ ला विकून २२ ला परत आलेला माल, आणि २१ च्या रात्री नेट नसताना केलेलं पण २२ ला सर्व्हरवर पोहोचलेलं बिल. शेवटच्या केसमध्ये ॲप पोहोचल्याची तारीख धरत होतं. दोन डिफेक्ट. उपवासाच्या दिवशी दोन म्हणजे चांगलेच.

२६ सप्टेंबर

एसएमएसचा खर्च अंदाजापेक्षा जास्त येणार असं लीड म्हणाली आणि कारण शोधायला सांगितलं. मजकूर असा मंजूर झालाय:

"प्रिय शेतकरी बंधू, आपला कापूस १४.०५ क्विंटल स्वीकारण्यात आला असून एकूण रक्कम रु. ९८,३५० आपल्या बँक खात्यात जमा करण्यात येईल. धन्यवाद."

इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात. देवनागरीत ७०. त्याहून लांब झाला की त्याचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यात ६७ च मावतात. आणि यंत्र अक्षर आपल्यासारखं मोजत नाही. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजतं. 'ज्ञानेश्वर' आपल्या डोळ्यांना चार अक्षरं, त्याला दहा.

मी बसून मोजलं. वरचा मजकूर १३३. दोन तुकड्यांत १३४ मावतात, म्हणजे कसाबसा बसला. पण रक्कम लाखाच्या वर गेली की एक आकडा आणि एक स्वल्पविराम वाढतो. १३५. तिसरा तुकडा, तिसऱ्याचे पैसे. गरीब शेतकऱ्याला दोन एसएमएसचा खर्च आणि मोठ्याला तीनचा, हे ॲपने आपोआप ठरवून टाकलं होतं.

नवा मजकूर मी सुचवला: "पावती ४१२: कापूस १४.०५ क्विं, रु. ९८,३५०. खात्यात २ दिवसांत." साठ. लाखाच्या वर बासष्ट. एका एसएमएसमध्ये काम झालं. लीडला 'धन्यवाद' गेल्याचं वाईट वाटलं. मामाजी म्हणाले, "पैसे टायमावर द्या म्हणा, धन्यवाद आमी देतो."

हाच हिशेब नावाच्या रकान्याला लावला. मर्यादा ३०. आपल्याकडं शेतकरी स्वतःचं, वडलांचं आणि आडनाव असं पूर्ण लिहितो, सातबाऱ्यावर असतं तसंच. निम्मी नावं अर्धवट तुटली. मर्यादा वाढवून घेतली.

२९ सप्टेंबर

ओलावा. कंपनीने सीसीआयसारखाच (सरकारी कापूस महामंडळासारखाच) नियम ठेवलाय: ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यावर प्रत्येक टक्क्याला एक टक्का कपात, १२ च्या वर कापूस घेत नाही. (यंदा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० आहे. बाजारात तो मिळेल का, या विषयावर मामाजींशी बोलू नये.)

टोकं तपासायची म्हणून ८.०, ८.१, १२.०, १२.१ घातली. १२.० घेतो, १२.१ नाकारतो. पण ८.४ ला काय करायचं? दस्तऐवजात काहीच नाही. ७,००० भाव धरून तीन उत्तरं निघतात: ८ धरला तर ७,०००, ९ धरला तर ६,९३०, जेवढ्यास तेवढं धरलं तर ६,९७२. डेव्हलपरने ९ धरला होता, कारण त्याला विचारणारं कोणी नव्हतं.

संचालकांना फोन लावला. स्पीकरवर तिघे होते, अर्धा तास आपसातच भांडले. इतकी वर्षं ग्रेडर (कापसाची प्रत ठरवणारा माणूस) मशीनचा आकडा पाहायचा आणि माणूस पाहून ठरवायचा, असं त्यातून निघालं. शेवटी ठरलं, जेवढ्यास तेवढं. नियमच नव्हता, तो आज झाला.

१ ऑक्टोबर

शेजारच्या काकाजींची मुलगी संध्याकाळी माडीवर आली. दारव्ह्याला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. त्यांच्या फोनचं भाडं म्हणून मी तिला चहा पाजते, असं आमचं ठरलंय.

"वहिनी, टेस्टिंगमधी कोडिंग नाही आलं तरी चालते म्हंतात. खरं हाय का?"

तिने अमरावतीच्या एका क्लासचं पत्रक आणलं होतं. तीन महिने, पंचेचाळीस हजार, शंभर टक्के प्लेसमेंट. काकाजी म्हणालेत, तुरीचे पैसे आले की भरू.

मी तिला माझीच कहाणी सांगितली. २०१७ ला पुण्यात एका कंपनीने वर्षाला एक लाख ऐंशी हजारांवर घेतलं, दोन वर्षांचा बाँड आणि मूळ मार्कशीट ठेवून घेतली. ती परत मिळवायला चार चकरा झाल्या. पहिली तीन वर्षं मी फक्त हाताने तपासायची: पायऱ्या वाचा, बटण दाबा, पास किंवा फेल लिहा. चौथ्या वर्षी पगारवाढ थांबली. माझ्यासारख्या दहा जणी होत्या आणि त्याच पैशांत अकरावी मिळत होती. मग रात्री बसून एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) शिकले, पोस्टमन नावाच्या साधनावर एपीआय (दोन प्रोग्राममधली देवाणघेवाण) तपासायला शिकले, लग्नानंतर पायथन ही कोडिंगची भाषा आणि ॲपियम हे ॲप आपोआप तपासायचं साधन. पगार हलला तो त्यानंतर.

म्हणून उत्तर असं: कोडिंग न येता आत शिरता येतं, अजूनही. पण तसं फार दिवस टिकता येत नाही, आणि शिरण्याचं दार माझ्या वेळेपेक्षा आता अरुंद आहे. दोन-तीन वर्षांनी वाट निवडावी लागते. कोणी ऑटोमेशनकडे (स्क्रिप्टने आपोआप तपासणं) जातं, कोणी लोड टेस्टिंगकडे (एकदम खूप लोक आले तर टिकतं का), कोणी सिक्युरिटीकडे. कोणी बँकेचं नाहीतर विम्याचं काम इतकं आत्मसात करतं की टेस्टरचं बिझनेस ॲनालिस्ट होतं. माणसं सांभाळता येत असतील तर टेस्ट लीड, मॅनेजर. नागपूरला मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस आहेत, पण तिथंही मार्कांआधी विचारतात की तुला काय करून दाखवता येतं.

"मंग क्लास लावू का नको?"

पंचेचाळीस हजार देऊ नकोस, एवढं स्पष्ट सांगितलं. आयएसटीक्यूबी या टेस्टरांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या पायाभूत परीक्षेचा अभ्यासक्रम नेटवर फुकट आहे. ४० प्रश्न, ६० मिनिटं, २६ बरोबर आले की पास. इंग्रजी मातृभाषा नसली तर १५ मिनिटं जास्त मिळतात. ते प्रमाणपत्र असलं म्हणून नोकरी मिळते असं नाही, पण नावं ठेवायची भाषा तरी येते.

"नावं ठेवायची?"

"डिफेक्ट लिहायची गं." दोघी हसलो.

४ ऑक्टोबर

लीडने खऱ्या शेतकऱ्यांची एक्सेल व्हॉट्सॲपवर पाठवली. नावं, आधार, खातेक्रमांक, सगळं. चाचणीला वापर म्हणाली. नाही म्हटलं आणि फाइल पुसली. यातले निम्मे लोक मला वहिनी म्हणतात.

आकडे खोटेच बनवले. आधार मात्र बारा आकडे कसेही ठोकून बनत नाही. पहिला आकडा ० किंवा १ नसतो, शेवटचा आधीच्या अकरांवरून ठरतो. शेजारची पोरगी मदतीला होती, तिने १२३४ तीनदा लिहिलं आणि ॲपने नाकारलं. का नाकारलं ते तिने स्वतः शोधून सांगितलं. पोरगी कामाची आहे.

९ ऑक्टोबर

जिनिंगवर पहिली प्रत्यक्ष चाचणी. कापूस अजून आलेला नाही, म्हणून मामाजींनी ट्रॅक्टरमध्ये सोयाबीनची पोती भरून आणली. जाताना दारव्ह्याजवळ गवतात शकुंतलेचे, म्हणजे इथल्या जुन्या छोट्या रेल्वेचे, रूळ दिसले. याच रुळांवरून एकेकाळी इथला कापूस मूर्तिजापूरला जायचा.

काट्यावर पत्र्याचं शेड. खाली नेटवर्क नाही. शंभर पावलांवर एक निंबाचं झाड आहे, तिथं मिळतं. काटेवाले काकाजी साठीचे. त्यांनी वजन भरलं, 'जतन करा' दाबलं. चाक फिरत राहिलं. टीव्हीचा रिमोट चालला नाही की आपण जे करतो तेच त्यांनी केलं: पुन्हा दाबलं, मग जोरात दाबलं. मग फोन घेऊन निंबाखाली गेलो. टिंग टिंग टिंग. पावती ४१, ४२ आणि ४३. एकच ट्रॅक्टर, तीन खरेद्या.

"बाप्पा! तीन डाव पैसे भेटतीन का?" मामाजींना विशेष आनंद झाला.

नेट नसतानाचं काम तपासलंय असं मला गेल्या आठवड्यात सांगितलं होतं. तपासलं होतं, पुण्यात, वायफाय बंद-चालू करून, तरण्या बोटांनी, बटण एकदा दाबून.

आणखी तीन गोष्टी टिपल्या. उन्हात फिकट राखाडी अक्षरं दिसत नाहीत. काकाजींच्या बोटांचे ठसे झिजलेले, अंगठ्याने ॲप उघडत नाही, त्यामुळं पिनची सोय हवीच. आणि मराठी कीबोर्ड चालू असला की १४ हा देवनागरीत लिहिलेला आकडा ॲप शून्य समजतं. चूक दाखवत नाही, चुपचाप शून्य. शेवटचा सगळ्यांत वाईट.

१३ ऑक्टोबर

तिप्पट नोंदीची दुरुस्ती आली. आता नोंद पाठवण्याआधीच फोन तिला स्वतःचा क्रमांक देतो आणि त्या क्रमांकाची दुसरी नोंद सर्व्हर घेत नाही. विमान मोडमध्ये दहा वेळा दाबून पाहिलं, मध्येच फोन बंद करून पाहिलं, बॅटरी काढून पाहिली (शेजारच्या काकाजींच्या फोनची निघते). एकच पावती. देवनागरी आकडेही घेतो.

घरी काल सीतादही (वेचणीआधीची पूजा) झालं. वेचणी सुरू.

१६ ऑक्टोबर

दिवाळीच्या आधी रिग्रेशनच्या (नव्या बदलाने जुनं काही बिघडलं नाही ना, हे आपोआप तपासायच्या) स्क्रिप्ट पुऱ्या केल्या. १४० केसेस हाताने करायला अडीच दिवस लागायचे. आता रात्री लावून झोपायचं, चाळीस मिनिटांत होतात, लाइन राहिली तर. सकाळी उठून पाहायचं कुठं लाल आहे. मधल्या दिवसांत मी जिनिंगवर जाऊन बसू शकते, आणि जे स्क्रिप्टला सुचत नाही ते तिथंच सापडतं. ऑटोमेशन शिकल्याचा मला झालेला खरा फायदा हाच. लोकांना वाटतं पगार.

दिवाळीची सुट्टी २५ पर्यंत.

३ नोव्हेंबर

ॲप सुरू झालं. पहिल्या दिवशी अकरा गाड्या. एक मेटाडोर ओलाव्यात परत गेला: १२.३. तो माणूस ॲपला शिव्या देत गेला. ॲप बरोबर होतं.

७ नोव्हेंबर

एचआरची मेल. जानेवारीपासून आठवड्यातून तीन दिवस ऑफिसात. अपवाद नाहीत. चार वर्षं इथून काम केलं, एक डेडलाइन चुकली नाही, आणि कारणाच्या जागी लिहिलंय 'एकत्र काम करण्याची संस्कृती'.

लीडला फोन केला. ती म्हणाली, काट्यावरची तिप्पट नोंद तू पुण्यात बसून काढली नसतीस, हे मी वर लिहून देते, पुढचं माझ्या हातात नाही. मी दोन ठिकाणी अर्ज टाकले. एका जागी लिहिलंय घरून काम, आणि खाली बारीक अक्षरांत: 'महिन्यातून गरजेनुसार'. हे वाचायला टेस्टरच लागतो. घरात अजून कोणाला सांगितलेलं नाही.

१२ नोव्हेंबर

संध्याकाळी शेजारी आरडाओरडा. काकाजींनी आज कापूस घातला, सोळा क्विंटल वीस किलो, भाव सात हजार. ॲपमध्ये पाहिलं तर रक्कम अकरा हजार तीनशे चाळीस.

"लुटून रायले हे! सोळा क्विंटलचे अकरा हजार?"

मी धावत गेले. कंपनीकडच्या पॅनलवर पाहिलं तर १,१३,४००, बरोबर. एसएमएसमध्ये बरोबर. माझ्या फोनवर बरोबर. काकाजींच्या फोनवर १,१३,४०. शेवटचं शून्य नाही.

पोरगी म्हणाली, "वहिनी, मले लिहू द्या." लिहू दिलं. तिचा पहिला डिफेक्ट, जसाच्या तसा:

"शीर्षक: रकमेचा शेवटचा आकडा दिसत नाही. पायऱ्या: १. ॲप उघडा. २. माझी विक्री दाबा. ३. रक्कम पाहा. अपेक्षित: १,१३,४००. प्रत्यक्षात: १,१३,४०. फोन: बाबांचा. परिणाम: बाबा जिनिंगवर भांडायला निघाले होते."

शेवटच्या ओळीला मी हात लावला नाही. सिव्हिरिटी कशी ठरवायची, हे त्या ओळीइतकं नीट मला कधी लिहिता आलेलं नाही.

१३ नोव्हेंबर

डेव्हलपरचं उत्तर: "आमच्याकडे घडत नाही." डिफेक्ट बंद.

पोरीचं तोंड एवढंसं झालं. "म्हंजे माही चूक झाली का?"

"तुझी चूक नाही. पण तुझ्या पायऱ्या करून त्याला ते दिसलं नाही, म्हणजे एक पायरी तुझ्या डोक्यात राहिली. बाबांच्या फोनमध्ये असं काय आहे जे माझ्या फोनमध्ये नाही?"

दोन्ही फोन शेजारी ठेवून ती तासभर बसली. रॅम, अँड्रॉइडची आवृत्ती, भाषा. मी स्वयंपाकाला खाली गेले. भाकरी तव्यावर असताना ती जिन्यावरून ओरडली, "वहिनी, बाबाईनं अक्षरं मोठी करून ठेवली हायेत!"

सेटिंगमध्ये अक्षरांचा आकार शेवटपर्यंत ओढलेला. माझ्या फोनवर तसाच ओढला. १,१३,४०. रक्कम लाखाच्या आत असली की पूर्ण दिसते, लाखाच्या वर गेली की शेवटचा आकडा कापला जातो. पन्नाशीच्या पुढचा निम्मा गाव मोठ्या अक्षरांवर चालतो आणि आमच्या १४० स्क्रिप्ट्सपैकी एकीनेही अक्षरं मोठी करून पाहिली नव्हती. ही चूक माझी. वहीत लाल शाईने लिहिली.

तिने नवी पायरी घालून डिफेक्ट पुन्हा उघडला. व्हिडिओही जोडला, काकाजींच्या अंगठ्यासकट. जिनिंगवर दिवाणजींना सांगून ठेवलं की दुरुस्ती येईपर्यंत रक्कम मोठ्याने वाचून दाखवा.

१४ नोव्हेंबर

रात्री साडेनऊला डेव्हलपरचा मेसेज: "दिसलं. उद्या देतो." मी तो तिला पाठवला. मला वाटलं, खूश होईल. तिचं उत्तर लगेच आलं:

"हाव वहिनी. आता किराणावाल्या काकाजीच्या फोनवर पाहून रायली. तिथं तं 'जतन करा'च दिसत नाही."